लंडनची एचएमएस बेलफास्ट: १९४३ चं जहाज नक्की कुठे बघायचं

टॉवर ब्रिजचे फोटो काढून झाले की बहुतेक जण पुढच्या ठिकाणी पळतात, पण तिथेच शेजारी थेम्समध्ये म्युझियम म्हणून उभी असलेली दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश युद्धनौका एचएमएस बेलफास्ट अजिबात चुकवू नका, आणि जाणार असाल तर निदान तीन तास हाताशी ठेवून जा. तिकीट स्वस्त नाहीये, पण खाली बॉयलर रूमपासून वर ब्रिजपर्यंत (जिथून जहाज चालवतात ती जागा) नऊ डेक फिरता येतात आणि माझ्या मते पैसे पूर्ण वसूल होतात. बॅटलशिप नाही ही, त्याहून लहान क्रूझर आहे, पण सहा इंची १२ तोफा समोरून बघितल्या की फार फरक वाटत नाही.

एक गोष्ट मात्र आधी माहीत हवी. आपल्याला दिसतं ते जहाज बरंचसं १९५६ ते ५९ च्या मोठ्या रिफिटनंतरचं (दुरुस्ती आणि फेरबदल) आहे. वरचा बंदिस्त ब्रिज, जाळीदार डोलकाठ्यांची रचना, हे सगळं तेव्हाचं, आणि ऑपरेशन्स रूममध्ये जो देखावा आहे तो १९६१ च्या एका सरावाचा आहे. महायुद्धात ब्रिज उघडा होता, म्हणजे आर्क्टिकच्या वाऱ्यात माणसं तिथे आकाशाखाली उभी राहून ड्यूटी करायची. हे डोक्यात ठेवून ब्रिजवर उभं राहिलात तर बघण्याची मजा वेगळीच आहे.

बेलफास्टची गोष्ट सुरूच होते अपघाताने. ऑगस्ट १९३९ मध्ये नौदलात आली आणि २१ नोव्हेंबरला स्कॉटलंडजवळ जर्मन मॅग्नेटिक माइन (पाणसुरुंग) खाली फुटला, जहाजाचा कणाच मोडला. दुरुस्ती संपायला १९४२ चा नोव्हेंबर उजाडला. पण त्या तीन वर्षांत नुसती डागडुजी नाही केली, बाजूंना फुगवटा देऊन जहाज रुंद केलं, विमानविरोधी तोफा वाढवल्या आणि मुख्य म्हणजे नवीन रडार बसवले. माझ्या मते बेलफास्टचं खरं नशीब या रडारने उघडलं. रडार आल्यावर तिच्यावरची टेहळणी विमानंसुद्धा १९४३ मध्ये काढून टाकली.

मग काम मिळालं रशियाला रसद नेणाऱ्या कॉन्व्हॉयना, म्हणजे मालवाहू जहाजांच्या तांड्यांना, संरक्षण देण्याचं. २६ डिसेंबर १९४३, नॉर्वेच्या उत्तरेला नॉर्थ केपची लढाई. जर्मन युद्धनौका शार्नहोर्स्ट जेडब्ल्यू ५५बी या कॉन्व्हॉयवर चालून येत होती, ध्रुवाजवळचा हिवाळा म्हणजे दिवसासुद्धा जेमतेम संधिप्रकाश, आणि बेलफास्टच्या रडारने तिला सकाळी ३० किलोमीटरपेक्षा लांबून पकडलं. पहिल्या चकमकीत बेलफास्टच्या सोबतच्या नॉरफोक या ब्रिटिश क्रूझरच्या गोळ्याने शार्नहोर्स्टचं पुढचं रडार गेलं आणि ती निसटली. मला सगळ्यात आवडतो तो यानंतरचा निर्णय. या क्रूझरांचे प्रमुख अ‍ॅडमिरल बर्नेट बेलफास्टवरच होते, त्यांनी पाठलाग केला नाही, सरळ कॉन्व्हॉयकडे परत आले, कारण शार्नहोर्स्ट वळसा घालून मालवाहू जहाजांकडेच येणार हा अंदाज होता. दुपारी ती खरंच तिथे आली. एस्कॉर्टचं काम म्हणजे हेच, शत्रू बुडवायचा मोह आवरून ज्यांना सांभाळायला आलोय त्यांच्याजवळ थांबायचं. पुढे बेलफास्ट एकटी रडारवर तिच्या मागावर राहिली आणि ड्यूक ऑफ यॉर्क या ब्रिटिश बॅटलशिपला तिच्यापर्यंत आणलं. रात्री शार्नहोर्स्ट बुडाली, १९०० च्या वर माणसांपैकी फक्त ३६ वाचली.

हे सगळं जहाजावर शोधायचं असेल तर तोफांच्या खालच्या दारूगोळ्याच्या खोलीत जा. एकेक गोळा साधारण ५० किलोचा, गोलाकार रांगेत उभे करून ठेवलेत, आणि हलत्या जहाजात ते वर पाठवणाऱ्या पोरांचा विचार केला की हात दुखायला लागतात. मग आर्क्टिक मेसडेक (खलाशांची जेवायची-झोपायची जागा) बघा, जेवायच्या टेबलांच्या वरच झोपायच्या झोळ्या बांधलेल्या, खालीवर, अंगाला अंग लागेल इतक्या दाटीत. बाहेर डेकवर बर्फ साचला की तो फोडून काढायचं कामही याच माणसांचं, नाहीतर वजनाने जहाज कलंडायची भीती. इंजिन रूमला बाबा तर हलायलाच तयार नव्हते, पाइप, व्हॉल्व्ह आणि पितळी डायल बघत बसले.

डोलकाठ्या नीट बघा. गंजलेल्या जुन्या काढून २०१० मध्ये नव्या बसवल्या, त्या रशियाने करून दिल्यात, कॉन्व्हॉयची आठवण ठेवून. आपली जुनी आयएनएस मैसूरसुद्धा मूळची एचएमएस नायजेरिया, तीही याच आर्क्टिक कॉन्व्हॉयवर होती आणि १९७१ मध्ये आपल्या पश्चिम ताफ्याची फ्लॅगशिप, म्हणजे ताफ्याच्या प्रमुखाचं जहाज. ती राहिली नाही. मुंबईत विक्रांतचं म्युझियम होतं तेही २०१२ ला बंद पडलं आणि २०१४ मध्ये जहाज भंगारात गेलं, बेलफास्टवर फिरताना याचं फार वाईट वाटत राहतं. ही १९७१ पासून लोकांसाठी उघडी आहे!

जिने अगदी उभे आहेत, शिडीच म्हणा, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी वरचा डेक आणि सोपे भागच बघावेत. साडी किंवा लांब कुर्ता टाळा, बूट चांगल्या ग्रिपचे घाला, आणि पाठीवर मोठी सॅक नको, ती दारात अडकते. लंडन ब्रिज स्टेशनवरून चालत जाता येतं. सकाळी उघडल्या उघडल्या जा आणि आधी खालचे डेक करून घ्या, दुपारी शाळेच्या सहली आल्या की बॉयलर रूममध्ये पाय ठेवायला जागा नसते.