पालकांसाठीचं आत्महत्या प्रतिबंधाचं वर्कशॉप: चार स्टार, एक का कापला ते शेवटी

मुलगी चौदाची झाली म्हणून गेलो, म्हणजे खरं सांगायचं तर बायकोने ओढून नेलं, मला वाटलेलं मोबाईल वाईट, मुलांशी संवाद साधा एवढं ऐकवून सोडतील. तसं नव्हतं.

पहिला अर्धा तास आकडे. जगात दरवर्षी 7 लाखांहून जास्त लोक आत्महत्येने जातात, आणि 15 ते 29 वयात मृत्यूचं हे तिसरं मोठं कारण आहे असं डब्ल्यूएचओ सांगते. स्लाईड्स इतक्या भरगच्च की मागून काही दिसत नव्हतं, असो.

खरं वसूल झालं ते जोडीच्या सरावात. समोर एक अनोळखी बाई, त्या मुलगा झाल्या आणि मी बाप. मी विचारलं, "तू असलं काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?" शिकवणाऱ्या मॅडमनी तिथेच थांबवलं. म्हणाल्या, उत्तर तुम्हीच देऊन टाकलंत, आता तो "नाही"च म्हणणार. सरळ विचारा, आत्महत्येचा विचार मनात येतोय का. बाप रे, खोटं खोटं असूनही तीनदा अडखळलो, चौथ्यांदा तो शब्द तोंडातून निघाला. विचारल्याने पोरांच्या डोक्यात भरतं असं मला वाटायचं, तसं होत नाही, उलट बोलायला वाट मिळते. आणि "हो" म्हणालं तर लेक्चर नाही, "तुला काय कमी आहे" तर अजिबात नाही, ऐकून घ्यायचं, एकटं सोडायचं नाही आणि डॉक्टर किंवा हेल्पलाईन लगेच गाठायची, उद्यावर टाकायचं नाही.

अजून एक पटलं. जीव द्यावासा वाटण्याची ती तीव्र वेळ बऱ्याचदा थोडाच काळ टिकते, तेवढ्यात घातक काही हाताशी नसलं तर जीव वाचू शकतो. घरी येऊन औषधांच्या कपाटाला कुलूप लावलं, आवरताना आईच्या जुन्या ऑपरेशनच्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स निघाल्या, कशाला ठेवलेल्या देव जाणे.

आता कापलेला स्टार. मुलांना आत घेतलंच नाही. अहो, या वयात पोरं आधी मित्रालाच सांगणार, तेही "कुणाला सांगू नको" अशी शपथ घालून, मग त्या मित्राला कोण शिकवणार? कुलूप बघून मुलीने विचारलं हे काय, मी सगळं सांगितलं, तो प्रश्नही सरळ विचारला. "नाही" म्हणाली, चेहऱ्यावर "काय हे बाबा". रात्री लाईट बंद करायला गेलो तर म्हणते, मैत्रिणीने शपथ घातली असेल तर मोडलेली चालते का? मी पलंगावर बसलो, म्हटलं चालते, मोडायचीच, आणि मग अकरापर्यंत दोघं बोलत होतो.