अपघातातून वाचलेला मासा: जुनी टाकी, जाळीचा आडोसा की वेगळी टाकी?

मासा उडी मारून जमिनीवर पडला, हीटर बिघडून पाणी थंड झाले, पाणी बदलताना क्लोरीन काढायचे राहून गेले किंवा टाकी साफ करताना दगड माशाच्या अंगावर घसरला, तर पहिल्या धावपळीनंतर बहुतेक वेळा एकच चित्र दिसते. मासा पाण्यात असतो, पण पर मिटून, रंग फिका पडलेला, कल्ले भराभर हलवत कोपऱ्यात बसून राहतो. यापुढे तीन मार्ग उरतात: त्याला टाकीत तसेच राहू द्यावे, त्याच टाकीत जाळीआड वेगळे करावे किंवा दुसऱ्या टाकीत हलवावे. जखम पाहून लगेच तिसरा मार्ग धरण्याकडे आपला कल असतो. मला मात्र आधी पाण्याचा विचार करणे योग्य वाटते: अपघात पाण्यामुळे झाला का, आणि झाला असेल तर ते पाणी जागच्या जागी सुधारता येईल का?

हा प्रश्न आधी विचारण्याचे कारण माशाच्या शरीरात आहे. धक्का बसताच अ‍ॅड्रिनॅलिन आणि पाठोपाठ कॉर्टिसोल ही ताणाची संप्रेरके स्रवतात, आणि कॉर्टिसोल वाढलेले राहिले की रोगप्रतिकारशक्ती मंदावते. शिवाय गोड्या पाण्यातील माशाचे रक्त बाहेरच्या पाण्यापेक्षा पुष्कळ खारट, म्हणजे लिटरला सुमारे ९ ग्रॅम मीठ विरघळवलेल्या पाण्याइतके असते. त्यामुळे कल्ल्यांतून पाणी सतत आत शिरत असते आणि मासा ते लघवीवाटे बाहेर टाकत असतो. अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला किंवा खवले निघाले की हे काम आणखी वाढते. जाळीने पुन्हा पकडले तर उरलेला थरही निघतो, आणि माशाच्या दृष्टीने तो दुसरा अपघातच ठरतो.

जुन्या टाकीच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा तिच्या फिल्टरमधील जिवाणूंचा आहे. माशाच्या कल्ल्यांतून बाहेर पडणाऱ्या अमोनियाचे हे जिवाणू नायट्राइटमध्ये आणि पुढे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. अशी फळी नव्या टाकीत तयार व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून उडी मारून पडलेला, पण उघडी जखम नसलेला मासा शांत सोबत्यांमध्ये असेल, तर त्याला तिथेच ठेवणे उत्तम. दिवे बंद करावेत, टाकीच्या बाजू कापडाने झाकाव्यात, एअरस्टोनचे (पाण्यात हवा सोडणाऱ्या सच्छिद्र दगडाचे) बुडबुडे वाढवावेत आणि एक-दोन दिवस खाद्य देऊ नये. निरोगी प्रौढ माशाला एवढ्या उपवासाने काही होत नाही. उलट न खाल्लेले खाद्य कुजून पाणी बिघडवते.

सोबती टोचणारे असतील तर जुनी टाकी चांगली असूनही उपयोगाची नाही. दुबळ्या माशाचे पर कुरतडले जातात आणि लपायला जागा नसेल तर तो सावरतच नाही. अशा वेळी टाकीत जाळीचा पडदा लावणे किंवा लहान माशासाठी तरंगता ब्रीडिंग बॉक्स (पिल्ले वेगळी ठेवण्याची छोटी पेटी) वापरणे हा मधला मार्ग मला सर्वांत कमी त्रासाचा वाटतो, कारण पाणी, तापमान आणि फिल्टर बदलत नाहीत. बंदिस्त प्लॅस्टिकच्या पेटीत मात्र पाणी नीट खेळत नाही, आणि मोठ्या गोल्डफिशला ती कोंडवाड्यासारखी होते. त्याच्यासाठी टाकीच्या रुंदीभर पडदाच हवा.

आता पाणीच दोषी असल्यास. क्लोरीन शिरले असेल तर मासा हलवण्यापेक्षा क्लोरीन निष्प्रभ करणारे, सोडियम थायोसल्फेट असलेले औषध संपूर्ण टाकीच्या पाण्याच्या प्रमाणात तत्काळ घालणे अधिक जलद, कारण बाकीचे मासेही त्याच संकटात असतात. पाणी थंड पडले असेल तर ते तासाला एक-दोन अंशांहून अधिक वेगाने तापवू नये. साबण किंवा कीटकनाशकाचा फवारा पाण्यात गेला असेल, तर मात्र वाट पाहू नये. सगळे मासे स्वच्छ, क्लोरीनमुक्त आणि शक्य तितक्या जवळच्या तापमानाच्या पाण्यात हलवावेत.

वेगळ्या टाकीचे दुसरे समर्थनीय कारण म्हणजे उघडी जखम किंवा कापसासारखी बुरशी, कारण तेव्हा औषध द्यावे लागते आणि ते सगळ्यांना देण्यात अर्थ नसतो. या टाकीच्या तळाशी वाळू नसावी, एक आडोसा असावा, वर झाकण असावे आणि जुन्या टाकीत मुरलेला स्पंज फिल्टर असावा. तरीही अमोनिया रोज मोजावा आणि तो दिसला तर २५ ते ५० टक्के पाणी बदलावे; एवढे करण्याची सवड नसेल तर हा पर्याय न निवडलेला बरा. फायटर मासा पृष्ठभागावर येऊन हवाही घेतो, म्हणून त्याच्यासाठी पाणी उथळ ठेवावे.

मिठाचा सल्ला प्रत्येक जण देतो, प्रमाण फारसे कोणी सांगत नाही. लिटरला १ ते ३ ग्रॅम मीठ रक्त आणि पाणी यांच्यातील क्षारांची तफावत कमी करते, त्यामुळे जखमी माशाचा भार हलका होतो, आणि त्यातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. ते आधी विरघळवून दिवसभरात थोडे थोडे घालावे. मीठ वाफेबरोबर उडून जात नाही, म्हणून आटलेले पाणी साध्या पाण्यानेच भरावे. टाकीत वनस्पती किंवा कोरीडोरास (तळाशी राहणारे लहान कॅटफिश) असतील तर मीठ वेगळ्या टाकीतच वापरावे. मिथिलीन ब्लू हे बुरशीवरचे निळे औषध फिल्टरमधील जिवाणूंना घातक ठरू शकते, त्यामुळे तेही जुन्या टाकीत नको. अँटिबायोटिक तर लक्षण दिसण्याआधी देऊच नये. जखमेभोवती लाली पसरू लागली तर पशुवैद्यकाला विचारून ठरवावे.

वेगळी टाकी निवडली असेल तर परतीचा दिवसही तिच्याच हिशेबात धरावा. पर उघडे, कल्ल्यांची हालचाल संथ आणि खाद्याकडे स्वतःहून झेप, हे तिन्ही काही दिवस सलग दिसल्यावर माशाला जाळीऐवजी भांड्यात घेऊन, दिवे मालवून जुन्या टाकीत सोडावे. त्याआधी तिथले दगड आणि आडोसे हलवून ठेवावेत. सोबत्यांनी आपापल्या हद्दी ठरवून घेतलेल्या असतात, आणि त्या विस्कटल्या की परतलेला मासा एकटा परका ठरत नाही. उडी मारणारा मासा असेल तर झाकणाची फट आधी बुजवावी.