आमच्या प्रभागातलं विरंगुळा केंद्र: आत उत्तम, दारापर्यंत कठीण

आमच्या प्रभागात महापालिकेचं ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्र आहे. सासूबाई आणि मी तिथे नेमाने जातो. त्या ८७ वर्षांच्या, वॉकर घेऊन चालतात. मी ६६ ची. नोकरी पाणीपुरवठ्याची कामं करणाऱ्या जीवन प्राधिकरणात झाली, आरेखक म्हणून, त्यामुळे कुठेही गेले की उतार, पायऱ्या आणि पाण्याची टाकी आधी दिसते. केंद्राबद्दल विचारलं की सगळे 'छान आहे' एवढंच सांगतात. घरातलं वयस्क माणूस पहिल्यांदा घेऊन जाणाऱ्याला तेवढ्याने भागत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. शहराचं नाव घालत नाही. त्याच कार्यालयात, त्याच माणसांकडे माझं जाणं-येणं चालू आहे, आणि ज्या अडचणी सांगणार आहे त्या पुष्कळ प्रभागांत आहेत.

आधी चांगलं, कारण ते खरंच चांगलं आहे. सकाळी ९ ते १ आणि दुपारी ४ ते ७ केंद्र उघडं असतं. महिन्याची वर्गणी ५० रुपये. मोठा हॉल, दोन्ही बाजूंनी खिडक्या, पाठ टेकता येईल अशा हाताच्या खुर्च्या. या खुर्च्यांचं महत्त्व गुडघे दुखणाऱ्यांना विचारा. बिनहाताच्या प्लास्टिकच्या खुर्चीतून उठताना माणूस हात टेकायला काहीतरी शोधतो आणि तिथेच तोल जातो. इथे ज्यांनी कोणी खुर्च्या निवडल्या त्यांनी विचार केलेला आहे. चार वर्तमानपत्रं येतात, कॅरम आहे, मंगळवारी भजन, शुक्रवारी पालिकेच्या दवाखान्यातल्या सिस्टर येऊन रक्तदाब आणि साखर तपासतात. सासूबाई भजनाला बसतच नाहीत. त्या आणि एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर मिळून रोजचं शब्दकोडं सोडवतात. आडवे शब्द त्यांचे, उभे यांचे. घरी दिवसभरात दहा वाक्यं न बोलणाऱ्या बाई तिथे वाद घालतात, आवाज चढवून. एवढ्यासाठीसुद्धा मी त्यांना घेऊन गेले असते.

केंद्र सांभाळणाऱ्या ताईंनी दाराशी हाताने लिहिलेला एक तक्ता लावलाय. त्यावर योजना आहेत, पण नुसती नावं नाहीत, कोणाला काय मिळतं तेही आहे. एस.टी.त ७५ च्या वर मोफत प्रवास आणि ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट. ही सवलत एस.टी.ची आहे, शहर बसची नव्हे, हे लाल शाईत. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ च्या वरच्यांना चष्मा, काठी, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये, बँक खातं आधारला जोडलेलं हवं आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत. सत्तरीच्या पुढच्यांना मोफत उपचारांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड, त्याला उत्पन्नाची अट नाही. आणि खाली मोठ्या आकड्यांत १४५६७, ज्येष्ठांची हेल्पलाइन, सकाळी ८ ते रात्री ८. घरात कोणी त्रास देत असेल, पेन्शन अडली असेल, कोणी एकटं पडलं असेल तरी या नंबरवर बोलता येतं. आमच्या इमारतीतल्या एका आजींना हा नंबर या तक्त्यावरूनच मिळाला. नोव्हेंबरमध्ये तर ताई मोबाइल घेऊन बसतात आणि चेहरा दाखवून हयातीचा दाखला तिथेच करून देतात. केंद्र सरकारचं निवृत्तिवेतन घेणाऱ्या ८० वर्षांवरच्यांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, हेही त्या आठवणीने सांगतात. बँकेतली रांग वाचली, रिक्षाचे पैसे वाचले.

आता दारापर्यंतचं. काही कामं व्हायच्या आधी ही वाट कशी होती ते सांगते, काय सुधारलं ते पुढे येईल. आमच्या इमारतीपासून केंद्र साधारण ३०० मीटर. नकाशावर बघाल तर अगदी शेजारी. पण त्या ३०० मीटरमध्ये पदपथ तीनदा तुटतो. एका ठिकाणी विजेची डीपी मधोमध उभी आहे, एका ठिकाणी ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण रस्त्याच्या वर आलंय, आणि दुकानांसमोर पदपथाची उंची रस्त्यापासून माझ्या टेपने २६ सेंटिमीटर भरली. पदपथाची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि चालायला सलग १.८ मीटर मोकळी जागा असावी, असं भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट आहे. २६ सेंटिमीटर म्हणजे जिन्याच्या दीड पायरीपेक्षा उंच, आणि तेही कठड्याशिवाय. सासूबाई वॉकर उचलून वर ठेवतात, मग मी त्यांच्या काखेत हात घालते, मग त्या चढतात. तेवढ्यात मागून एखादी दुचाकी पदपथावरूनच हॉर्न वाजवत येते. मग आम्ही रस्त्यावरूनच चालतो, सगळेच चालतात. रस्त्यावरून चालत केंद्रात येणारे ज्येष्ठ दिवसभर हातपाय शाबूत ठेवण्याचे व्यायाम करतात आणि संध्याकाळी पुन्हा त्याच रस्त्यावरून घरी जातात, याचा मला खरोखर संताप येतो.

दाराशी रॅम्प आहे. पण जोत्याची उंची ४५ सेंटिमीटर आणि रॅम्पची लांबी ३ मीटर. नियम एकास बाराचा: जेवढी उंची त्याच्या बारा पट लांबी. म्हणजे ५.४ मीटर रॅम्प हवा होता. आहे तो इतका चढा की व्हीलचेअर ढकलणाऱ्याला दम लागतो, आणि उतरताना खुर्ची उलटी फिरवून, आपण पुढे आणि खुर्ची मागे, अशी धरून आणावी लागते. शिवाय गुळगुळीत कोटा फरशी. पावसाळ्यात ताई त्यावर गोणपाट टाकतात. जागा नव्हती म्हणून आखूड केला, असं सांगितलं जातं. जागा होती. भिंतीलगत वळवून, मधे एक सपाट थांबा देऊन ५.४ मीटर सहज बसतो. मी कागदावर काढून दिलाय.

पाण्याची गोष्ट जरा खोलात सांगते, कारण ती कोणाच्या लक्षात येत नाही. छतावर १,००० लिटरची टाकी आहे. भागात पाणी येतं सकाळी ६ ते ८, केंद्र उघडतं ९ ला. चावीवाला व्हॉल्व्ह फिरवून जातो, पण त्या वेळी केंद्रात कोणी नसतं. खाली संप, म्हणजे जमिनीतली साठवण टाकी, नाही, आणि प्रेशर कमी असेल त्या दिवशी छतावर पाणी चढतच नाही. आता हिशेब करा. दिवसाला ६० माणसं येतात. या वयात लघवीला दोनदा जाणं धरायलाच हवं. एका फ्लशला आठेक लिटर धरलं तरी ९६० लिटर तिथेच गेले. हात धुणं, पिणं, फरशी पुसणं बाजूलाच राहिलं. म्हणजे टाकी भरलेली असली तरी संध्याकाळी पाणी संपणार हे आकड्यांतच आहे, त्यात सफाईवाल्या मावशींचा काही दोष नाही. आणि पाणी संपतं म्हटल्यावर बायका काय करतात? पाणी पिणं बंद करतात. दुपारी ३ नंतर पाण्याचा घोटही न घेणाऱ्या सहा-सात जणी मला माहीत आहेत. उन्हाळ्यात या वयात त्याने चक्कर येते, लघवीचा संसर्ग होतो. शुक्रवारी रक्तदाब तपासायचा आणि बाकीचे दिवस लोकांना तहानलेलं ठेवायचं, हे एकाच इमारतीत चाललंय.

स्वच्छतागृहात धरायला दांडी आहे, योग्य उंचीवर, त्याबद्दल आभार. पण दार आत उघडतं. कोणी आत पडलं तर तेच माणूस दाराला अडसर होतं आणि बाहेरच्याला दार ढकलता येत नाही. अशा ठिकाणी दार बाहेर उघडायला हवं आणि कडी बाहेरूनही काढता यायला हवी. बिजागऱ्या बदलायला एका सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. ते अजून झालेलं नाही. म्हणून आम्ही आपापसात ठरवलंय की आत जाताना कोणाला तरी सांगून जायचं.

हे सगळं असं का होतं, तर इमारत भवन विभागाची, पदपथ पथ विभागाचा, टाकी पाणीपुरवठ्याकडे, दिवा विद्युत विभागाकडे, दिव्यावर आलेली फांदी उद्यान विभागाकडे आणि केंद्र समाजविकासकडे. प्रत्येकाने आपलं काम केल्याची नोंद आहे. पण घरातून निघालेलं माणूस केंद्रात बसून, स्वच्छतागृहात जाऊन, अंधार पडायच्या आत घरी परत पोचेल, एवढा एक पूर्ण प्रवास कोणाच्याच फाइलमध्ये नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या पुढचे ९.९ टक्के होते. हा आकडा वाढतच जाणार. प्रभागाचा आराखडा करताना आधी ज्येष्ठांचे रोजचे रस्ते नकाशावर काढावेत: दवाखाना, बँक, मंदिर, भाजी मंडई, केंद्र. आणि मग त्या रेघांवर पदपथ, दिवे, बाक, नळ यांची तरतूद करावी. असे रस्ते प्रत्येक प्रभागात चार-पाचच निघतील.

गेल्या वर्षी आम्ही तसंच करून पाहिलं. नागरिकांकडून कामं सुचवून घेऊन ती अंदाजपत्रकात धरायची पद्धत पुण्यात २००६-०७ पासून आहे. आमच्याकडेही तसा अर्ज घेतात. राज्यातल्या बहुतेक महापालिकांवर २०२२ नंतर बराच काळ प्रशासक होते, नगरसेवकाच्या घरी जाऊन काम सांगण्याची सोय उरली नव्हती, त्यामुळे या अर्जाचाच आधार होता. आधी प्रत्येकाने वेगवेगळा अर्ज भरला होता: एकाने बाक, एकाने दिवा, एकाने पदपथ. ते सगळे 'योग्य कार्यवाहीसाठी' पुढे गेले आणि तिथेच थांबले. मग केंद्रातल्या टेबलावर मोठा कागद पसरून आम्ही ३०० मीटरचा एकच नकाशा काढला. प्रत्येक अडथळ्याला क्रमांक, माप, फोटो आणि कोणता विभाग ते. शब्दकोडंवाले कंडक्टरकाका टेप धरत होते, सासूबाई खुर्चीत बसून आकडे लिहून घेत होत्या. "अगं, २६ म्हणालीस की २८?" असं दोनदा विचारून मगच लिहीत होत्या. तो नकाशा घेऊन क्षेत्रीय कार्यालयात गेलो. कनिष्ठ अभियंता तरुण मुलगा होता. त्याने नकाशा बघितला आणि सरळ आमच्याबरोबर चालत निघाला. वाटेत त्याने त्याची मापं घेतली. आमच्या मापांशी जुळली.

त्यातून झालेली कामं: दुकानांसमोरचा पदपथ उतरवून चौकात दोन्ही टोकांना उतार केले, चेंबरचं झाकण रस्त्याच्या पातळीत आणलं, वाटेत दोन बाक बसवले, फांदी छाटली. सासूबाई आता पहिल्या बाकावर थांबतात, दुसऱ्यावर थांबत नाहीत. न झालेली कामं: डीपी हलवायला वीज कंपनीचा खर्चाचा अंदाज लागतो, तो आलेला नाही. रॅम्पची तरतूद झाली होती, पण वर्षअखेरीला वर्गीकरणात तो पैसा दुसऱ्या कामाकडे गेला. संप आणि दाराच्या बिजागऱ्या यंदाच्या अर्जात आहेत.

पाचपैकी गुण द्यायचे तर आतल्या माणसांना आणि कार्यक्रमांना पाच, इमारतीला तीन, पोचण्याच्या वाटेला पूर्वी एक दिला असता, आता तीन. जावं का? नक्की जावं. सकाळच्या वेळात जा, तेव्हा पाणी असतं आणि उजेडही. व्हीलचेअर असेल तर रॅम्पवर दोन माणसं लागतील. प्यायच्या पाण्याची बाटली घरून न्या आणि ती संपवा. पहिल्या दिवशी आधार कार्डाची प्रत आणि दोन फोटो लागतात, बाकी काही नाही.

आणि तुमच्या प्रभागात असं केंद्र असेल तर अंदाजपत्रकाच्या सूचना कधी घेतात ते क्षेत्रीय कार्यालयात आत्ताच विचारून ठेवा. आमच्याकडे गणपतीच्या आसपास घेतात आणि मुदत फार थोडी असते. अर्जावर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. जागा सांगताना 'दुकानाजवळ' असं लिहू नका, दुकानं बदलतात. रस्त्याच्या दिव्याच्या खांबावर क्रमांक रंगवलेला असतो, तो लिहा.