बढतीसाठी नोकरी बदलायची? एचआरच्या परीक्षा आधी आरसा म्हणून वापरा

एचआरमध्ये चार-पाच वर्षं झाली की दोन विचार सोबतच येतात: नोकरी बदलावी, आणि एखादं सर्टिफिकेट करावं. बरेच जण आधी फी भरतात, परीक्षा देतात आणि मग सीव्ही पाठवायला लागतात. हा क्रम उलटा आहे. एसएचआरएम आणि एचआरसीआय या अमेरिकी आणि सीआयपीडी ही ब्रिटिश, अशा एचआरची सर्टिफिकेटं देणाऱ्या तिन्ही संस्था आपापल्या परीक्षेचा किंवा व्यवसायाचा आराखडा वेबसाइटवर फुकट ठेवतात. नोकरी बदलायची की नाही हे ठरवायला खरा उपयोग त्या आराखड्यांचा होतो, सर्टिफिकेटचा त्यानंतर. म्हणून या परीक्षा इथे त्याच नजरेने पाहिल्या आहेत.

सगळ्यात उपयोगी निघते ती एसएचआरएमची वरिष्ठ परीक्षा, म्हणजे एससीपी, आणि तीसुद्धा तिच्या पात्रतेच्या अटीमुळे. अर्जदाराकडे धोरणात्मक पातळीवरच्या एचआर कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव हवा, आणि एक वर्ष धरलं जाण्यासाठी त्या कॅलेंडर वर्षात अशा कामाला किमान १,००० तास दिलेले हवेत. (सीपी, म्हणजे एसएचआरएमचीच खालच्या पातळीची परीक्षा, उत्तीर्ण होऊन ३ वर्षं झालेल्यांसाठी वेगळी वाट आहे.) पदनाम काय आहे, याला इथे फारशी किंमत नाही. आता हिशेब करा. सुट्ट्या वगळून वर्षात ४८ आठवडे काम धरलं, तर १,००० तास म्हणजे आठवड्याला जवळजवळ २१ तास. ४० तासांच्या आठवड्यात निम्म्याहून थोडं जास्तच. व्हिजिटिंग कार्डावर ‘सीनियर मॅनेजर’ छापलेलं असूनही आठवड्याचे २१ तास धोरणाला देणारे लोक फार थोडे असतात, आणि नोकरी बदलण्याचा खरा प्रश्न तिथेच दडलेला असतो.

हे तास मोजायचे कसे? कॅलेंडर उघडा आणि ६ आठवडे निवडा. सलग सहा घेऊ नका. अप्रेझलच्या धामधुमीतले ३ आणि शांत काळातले ३ घ्या, नाहीतर चित्र एका बाजूला झुकतं. प्रत्येक अर्धा तास तीनपैकी एका कप्प्यात टाका. पहिला कप्पा प्रक्रियेचा: जॉइनिंगची कागदपत्रं, पत्रं, पेरोलची माहिती, मुलाखतींच्या वेळा जुळवणं. दुसरा निवारणाचा: तक्रारी, शिस्तभंगाच्या चौकश्या, मॅनेजरांचे रोजचे प्रश्न. तिसरा रचनेचा, म्हणजेच धोरणात्मक कामाचा: वेतनश्रेणी ठरवणं, मनुष्यबळाचं नियोजन, धोरण लिहिणं, आकडेवारीवरून निर्णय सुचवणं. एक चूक इथे हमखास होते. ज्या बैठकीत तुम्ही फक्त इतिवृत्त लिहिलंत, ती रचनेच्या कप्प्यात जाते. ती तिथे धरू नका. तुमच्या सूचनेमुळे निर्णय बदलू शकला असता का, एवढाच निकष ठेवा.

तिसऱ्या कप्प्यात आठवड्याला पाचेक तासच भरले, तर लगेच राजीनामा लिहायला बसू नका. आधी आहे त्याच ठिकाणी काम मागा, आणि मागताना नाव घेऊन मागा. “मला स्ट्रॅटेजिक काम द्या” या मागणीचं काहीच होत नाही. गेल्या दोन वर्षांच्या एक्झिट इंटरव्ह्यूंचं (नोकरी सोडणाऱ्यांच्या शेवटच्या मुलाखतींचं) विश्लेषण, एकाच पदावरच्या पगारांमधली तफावत तपासणं, एखाद्या विभागाच्या पदश्रेणी नव्याने लावणं, यांतलं एक काम उचला आणि सहा महिन्यांची मुदत सांगा. नकार आला तर त्यामागचं कारण नीट ऐका. “तुझं रोजचं काम कोण करणार?” हा नकार सुटण्यासारखा असतो. पत्रं आणि अर्ज सिस्टिमवर टाकता येतात, काही काम दुसऱ्याकडे देता येतं. पण पगार, भरती आणि रचना यांचे निर्णय दुसऱ्याच ठिकाणच्या मुख्यालयात होत असतील आणि तुमच्या कार्यालयाला फक्त अंमलबजावणी करायची असेल, तर कितीही मेहनत घेतली तरी तो कप्पा भरत नाही. अशा वेळी नोकरी बदलणं योग्य, आणि उशीर करण्यात अर्थ नाही.

एसएचआरएमचीच सीपी परीक्षा कामाची अंमलबजावणी करणाऱ्यांसाठी आहे. दोन्ही परीक्षांचा साचा एकच: १३४ प्रश्न, ३ तास ४० मिनिटं, म्हणजे प्रश्नामागे सुमारे ९८ सेकंद. त्यातले २४ प्रश्न फक्त चाचणीसाठी असतात, त्यांचे गुण धरत नाहीत, पण ते कोणते हे कळत नाही. गुण १२० ते २०० या पट्टीवर मिळतात आणि २०० म्हणजे उत्तीर्ण. पाठांतराने न सुटणारा भाग आहे प्रसंगांवरच्या प्रश्नांचा. प्रसंग दिलेला असतो, चारही पर्याय बरे वाटतात, आणि त्यातला सर्वांत परिणामकारक निवडायचा असतो. अनुभवी माणसं इथेच अडखळतात, कारण ती “आमच्याकडे असंच करतात” या सवयीने उत्तर देतात. कुणाची तक्रार आली की थेट वरिष्ठांकडे नेण्याची सवय असेल, तर आधी माहिती गोळा करणारा पर्याय डोळ्यांतून सुटतो. सराव करताना आपलं उत्तर का चुकलं, हे एका ओळीत लिहून ठेवा. पन्नासेक प्रश्नांनंतर त्या ओळींमध्ये आपल्या कंपनीच्या सवयी दिसायला लागतात. एकाच संस्थेत दहा वर्षं काढलेल्यांसाठी हा सराव परीक्षा न देताही मोलाचा आहे.

एचआरसीआयच्या पीएचआर आणि एसपीएचआर या जुन्या परीक्षा. ही संस्था १९७० च्या दशकातली. पात्रतेची भाषा स्वच्छ आहे. पदवी असेल तर पीएचआरसाठी २ वर्षं आणि एसपीएचआरसाठी ५ वर्षं, पदव्युत्तर शिक्षण असेल तर अनुक्रमे १ आणि ४, पदवी नसेल तर ४ आणि ७. पीएचआरमध्ये गुणांचे ९० आणि चाचणीचे २५ मिळून ११५ प्रश्न २ तासांत सोडवायचे, म्हणजे प्रश्नामागे जेमतेम ६३ सेकंद. अडलेला प्रश्न खूण करून पुढे गेला नाहीत तर शेवटचे वीस हमखास राहतात. या दोन्ही परीक्षांमध्ये अमेरिकी कायदा भरपूर आहे. इतर देशांत काम करणाऱ्यांनी त्यांची आंतरराष्ट्रीय रूपं, म्हणजे पीएचआरआय किंवा एसपीएचआरआय, पाहावी. चुकीची परीक्षा निवडून कलमं पाठ करत बसणं हा या वाटेवरचा सर्वांत महागडा घोटाळा.

आराखडा म्हणून पाहिलं तर इथेही एक खूण सापडते. पीएचआरमध्ये सर्वांत मोठा वाटा कर्मचारी आणि कामगार संबंधांचा आहे, तर एसपीएचआरमध्ये नेतृत्व आणि धोरणाचा. पहिल्यातले विषय तुम्ही रोज हाताळता आणि दुसऱ्यातले फक्त वाचून माहीत आहेत, असं असेल तर पुढची पायरी कोणती ते तिथेच कळतं.

सीआयपीडीची पद्धत वेगळी. १९१३ मध्ये सुरू झालेल्या या ब्रिटिश संस्थेचे अभ्यासक्रम लेव्हल ३, ५ आणि ७ असे आहेत आणि मूल्यमापन प्रामुख्याने असाइनमेंटवर होतं. स्वतःच्या संस्थेतली उदाहरणं घेऊन लिहावं लागतं, म्हणून नोकरी बदलण्याच्या ऐन धांदलीत हा अभ्यासक्रम सुरू करू नये. जुन्या ठिकाणची माहिती मिळेनाशी होते, नव्या ठिकाणची अजून हाती आलेली नसते.

मग सर्टिफिकेट घ्यावं का? नोकरी बदलणार असाल तर हो. अर्जांच्या पहिल्या चाळणीत ते मदत करतं, विशेषतः क्षेत्र किंवा देश बदलताना, जिथे तुमच्या जुन्या कंपनीचं नाव कुणाला माहीत नसतं. त्याच कंपनीत बढती हवी असेल तर त्याचा उपयोग फार कमी. तिथले वरिष्ठ तुमचं काम रोज पाहतात, त्यांना कागदाची गरज नसते. सर्टिफिकेट टिकवण्याचा खर्चही धरा. एसएचआरएमला दर ३ वर्षांनी ६० पीडीसी (पुढच्या शिक्षणाची क्रेडिट) आणि पीएचआर-एसपीएचआरला ६० क्रेडिट लागतात, आणि एसपीएचआरच्या ६० पैकी १५ व्यवसायाशी संबंधित हवेत. दर महिन्याला दोन तासांचं वेबिनार ठेवलं तर हे सहज भरतं. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी धावपळ केली तर मिळेल ते ऐकत बसावं लागतं.

मुलाखतीत मात्र सर्टिफिकेटपेक्षा आकडे बोलतात. “अ‍ॅट्रिशन (नोकरी सोडून जाण्याचं प्रमाण) कमी केलं” एवढंच लिहू नका. वर्षात सोडून गेलेले १८, सरासरी मनुष्यबळ २४०, म्हणून ७.५ टक्के; आदल्या वर्षी किती होतं आणि दोन्हींच्या मध्ये तुम्ही नेमकं काय बदललं, हे सांगा. असा आकडा हाती यायला अप्रेझल, पगारवाढ आणि त्यानंतरची गळती असं एक पूर्ण चक्र पार करावं लागतं. चक्राच्या मध्येच निघालात तर सांगायला काम असतं, परिणाम नसतो. आणि जुन्या कंपनीची पगाराची माहिती किंवा धोरणांच्या फायली सोबत नेऊ नका. एचआरच्या माणसाने असं केलं तर नवी कंपनीही त्याच्यावर पुन्हा विश्वास ठेवत नाही.

नव्या ठिकाणी होकार देण्याआधी तोच तीन कप्प्यांचा हिशेब उलटा लावा. त्या पदावरची व्यक्ती किती कर्मचाऱ्यांसाठी काम करणार आणि एचआरमध्ये एकूण किती माणसं आहेत? ६० जणांच्या कंपनीतला ‘एचआर हेड’ आणि ६,००० जणांच्या कंपनीतला बिझनेस पार्टनर (एखाद्या विभागासोबत काम करणारा एचआरचा माणूस) यांत पदनाम पहिल्याचं मोठं, पण पेरोलचे फोन कोण घेणार हे विचारलं की फरक कळतो. पद कुणाला रिपोर्ट करतं? पगारवाढीचा अंतिम तक्ता ठरतो त्या बैठकीत हे पद बसतं का? कोणते निर्णय वरच्या मंजुरीशिवाय घेता येतात? आधीची व्यक्ती किती काळ होती आणि का गेली? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दोन वेगवेगळ्या मुलाखतकारांकडून घ्या आणि जुळतं का ते पाहा. रिक्रूटमेंट एजन्सीमार्फत गेलात तर हे प्रश्न तिच्याकडे सोपवू नका. तिचं शुल्क बहुतेक वेळा तुम्ही रुजू झाल्यावरच मिळतं, त्यामुळे उत्तर कितीही सौम्य होऊन तुमच्यापर्यंत येऊ शकतं.