स्ट्रॅटचे पिकअप बदलायचेत? साधे सिंगल कॉइल, नॉइजलेस की रेल हंबकर

पिकअप म्हणजे तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे, तारांखालचे चुंबक आणि कॉइल. ते बदलायला निघालेल्याला मी आधी एकच विचारतो: नक्की खटकतंय काय? सतत चालणारी भुणभुण, ब्रिज पिकअपचा (तारा बॉडीवर टेकतात त्या टोकाच्या) कानाला टोचणारा आवाज, की डिस्टॉर्शन चढवल्यावर दम कमी पडतो? तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की पैसे जातात, तक्रार तिथेच राहते. इथे स्वस्तातली, तीन सिंगल कॉइलची (एकेकाच कॉइलच्या पिकअपची), स्ट्रॅट घाटाची, म्हणजे फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरसारखी, गिटार धरून चाललोय. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात पहिली इलेक्ट्रिक तीच असते.

खर्चाच्या आधी एक फुकटचा प्रयोग. सहावी आणि पहिली तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि पिकअपपर्यंतचं अंतर मोजा. जाड तारेखाली २ मिमी, बारीक तारेखाली १.६ मिमी इथून सुरुवात करा आणि ऐकत ऐकत वरखाली करा. ब्रिजचा पिकअप बारीक तारेकडून किंचित खाली घेतला की टोचणं बऱ्यापैकी मावळतं. एवढ्याने भागलं तर पुढचं वाचायची गरज नाही.

साधे ॲल्निको सिंगल कॉइल

स्वस्त गिटारच्या पिकअपमध्ये बहुधा तारांखाली पोलादाच्या खुंट्या आणि खाली चिकटवलेली सिरॅमिक चुंबकाची पट्टी असते. १९५४ च्या मूळ स्ट्रॅटोकास्टरमध्ये त्या खुंट्याच ॲल्निको (ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट असलेला मिश्रधातू) चुंबकाच्या होत्या, भोवती ०.०६३ मिमी जाडीच्या तारेचे साधारण आठ हजार वेढे. क्लीन, म्हणजे डिस्टॉर्शनशिवाय, वाजवताना फरक लगेच कळतो: नोट सुटी, मोकळी येते, आणि बोटांचा जोर कमीजास्त केला की आवाज त्याप्रमाणे हलतो. ब्लूज, फंक, हिंदी-मराठी गाण्यांतली चमकदार ऱ्हिदम, यासाठी मला तरी याला पर्याय दिसत नाही. कॉइलचा डीसी रेझिस्टन्स (विजेला होणारा विरोध) ५.५ ते ६.५ किलोओहम असेल तर जुन्या घाटणीचा आवाज समजा. सात-आठच्या पुढे गेलात की आवाज जाड होतो, पण वरची चमक जाते. केवळ हा आकडा बघून मात्र निवडू नका. वेढ्यांच्या तारेची जाडी बदलली की तोही बदलतो.

ॲल्निकोच्या खुंट्या तारांना जोरात ओढतात. फार वर ठेवल्या तर जाड तार वरच्या फ्रेट्सवर एकाच वेळी दोन सूर लागल्यासारखी डगमगते. नवा सेट बसवल्यावर ट्यूनिंगला दोष देण्याआधी पिकअप खाली घ्या.

आणि भुणभुण? ती राहणारच. आपल्या विजेची ५० हर्ट्झची लहर ही कॉइल ॲन्टेनासारखी पकडते. आतली पोकळी तांब्याच्या पट्टीने मढवली की सगळं शांत होतं, हा समज अर्धाच खरा आहे. पट्टीने डिमर, ट्यूबलाइट यांची चरचर कमी होते. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राची घरघर तिला जुमानत नाही. मधला पिकअप उलटा गुंडाळलेला आणि उलट ध्रुवाचा असेल तर स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी (जिथे तो शेजारच्या पिकअपबरोबर चालतो) ती घरघर आपोआप कटते. म्हणून सेट घेताना हे विचारून घ्या. एकच सुटा पिकअप घेतला तर तो बाकीच्या दोघांशी जुळेलच असं नाही.

इथे एक आडवळण. जुन्या घरात अर्थिंगच नसेल, किंवा ॲम्पचा तीन पिनी प्लग दोन पिनी अडॅप्टरवर चालत असेल, तर भुणभुण वाढते, आणि तारांना हात लावल्यावर मुंग्या येऊ शकतात, कारण तारा ॲम्पच्या ग्राउंडलाच जोडलेल्या असतात. हे पिकअपचं काम नाही. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, मग गिटारच्या दुकानात जा.

नॉइजलेस

यात एकाखाली एक अशा दोन कॉइल असतात आणि खालची वरचीची घरघर रद्द करते. फेंडरचे नॉइजलेस, दिमार्झिओची एरिया मालिका ही यातली नावं. जागा सिंगल कॉइलचीच लागते, पण काही मॉडेलं खोल असतात, तेव्हा पोकळीची खोली मोजून घ्या. यात जातं काय, तर अगदी वरची हवा आणि थोडा खडखडीत कडकपणा. घरी एकट्याने क्लीन वाजवणाऱ्याला हा फरक कळतो. ऑर्केस्ट्रात एलईडी पडद्याला खेटून उभं राहणाऱ्याला, किंवा कॉम्प्युटरसमोर रेकॉर्डिंग करणाऱ्याला तो कळेलच असं नाही. शांतता मात्र पहिल्या मिनिटाला कळते. अशांनी इथेच पैसे घालावेत.

रेल हंबकर, फक्त ब्रिजला

दोन कॉइल शेजारी शेजारी ठेवून घरघर रद्द करण्याची युक्ती गिब्सनच्या सेथ लव्हरची, १९५५ साली त्याने तिच्या पेटंटचा अर्ज केला. रेल म्हणजे तीच युक्ती सिंगल कॉइलच्या जागेत कोंबलेली, खुंट्यांऐवजी दोन पात्यांची. सिमोर डंकनचे हॉट रेल्स यातले सगळ्यांत प्रसिद्ध. लाकूड कोरायचं नाही, पिकगार्ड (पिकअप बसवलेली प्लॅस्टिकची पाटी) बदलायचा नाही. रॉक वाजवणाऱ्याला कमी पैशात सर्वाधिक फरक इथे मिळतो. सिंगल कॉइलसाठीचा २५० के (किलोओहम) पॉट, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचा फिरता रेझिस्टर, ठेवला तरी चालतं, थोडा गडद आवाज ब्रिजला उलट बरा वाटतो. ५०० के लावलात तर नेकजवळचा आणि मधला पिकअप किंचाळायला लागतील. आवाजाची पातळी जुळवायला रेल खाली घ्या.

खरी फसगत वायरींच्या रंगात आहे. डंकनची काळी वायर हॉट (सिग्नलची), पांढरी-लाल एकमेकींना जोडून टेपखाली, हिरवी आणि उघडी तार ग्राउंडला. दिमार्झिओची लाल हॉट, काळी-पांढरी एकत्र, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. दिमार्झिओचा पिकअप डंकनच्या आकृतीने जोडला तर दोन कॉइल एकमेकींविरुद्ध जातात आणि महागडा हंबकर पत्र्याच्या डब्यासारखा पातळ वाजतो, वर भुणभुणतो. पिकअप खराब निघाला म्हणून परत करण्याआधी आकृती कोणाची आहे ते बघा.

बाकीचे

पूर्ण मापाचा हंबकर हवा असेल तर पिकगार्ड काढून आत बघा. काही स्वस्त गिटारना आत आधीच मोठा हौद कोरलेला असतो, मग फक्त नवा पिकगार्ड लागतो. नसेल तर लाकूड कोरावं लागेल, आणि तेवढ्या खर्चाला मी नाही म्हणेन. ॲक्टिव्ह पिकअपना ९ व्होल्टची बॅटरी, २५ के पॉट आणि स्टिरिओ जॅक लागतो. फक्त मेटल वाजवत असाल तरच. तयार वायरिंगचा पिकगार्ड सोपा, मोजक्याच वायरी सोल्डर कराव्या लागतात, पण स्क्रूची भोकं जुळतील याची खात्री नसते.

काम स्वतः करणार असाल तर सोल्डरिंग गनचा आकडा महत्त्वाचा. २५ वॉटच्या गनने पॉटची पाठ तापत नाही, सोल्डर गोळ्यासारखं वर बसतं आणि महिन्याभरात सुटतं. ४० ते ६० वॉटची घ्या, पाठ पॉलिश पेपरने घासा, आधी पाठीवर थोडं सोल्डर पसरवा आणि मग वायर टेकवा. जुन्या वायरिंगचा फोटो काढल्याशिवाय काही तोडू नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत पॉट मागताना 'लॉग' म्हणून सांगा, नाहीतर दुकानदार लिनिअर काढून देईल आणि व्हॉल्यूम फिरवताना आवाज एकदम उडी मारेल. दांड्याची जाडीही जुन्या पॉटशी ताडून बघा, भोक मोठं करत बसावं लागणार नाही. तारा चढवण्याआधी ॲम्प लावून प्रत्येक पिकअपवर स्क्रूड्रायव्हर हलकेच टेकवा. स्विचच्या योग्य जागी 'टक' ऐकू आलं की मगच पिकगार्डचे स्क्रू आवळा.

एक हिशोब उरतो. नावाजलेल्या परदेशी कंपनीचा तिघांचा सेट अनेकदा गिटारच्या किमतीलाच जाऊन भिडतो. फ्रेट झिजलेत, ट्यूनिंगच्या खुंट्या सूर धरत नाहीत, अशा गिटारवर तो खर्च करू नका. एकटा रेल बसवा किंवा दुसरी गिटार शोधा. आणि काढलेले मूळ पिकअप फेकू नका. पुढे गिटार विकायची झाली तर तेच परत बसवा आणि नवे वेगळे विका, दोन्ही मिळून पैसे जास्त सुटतात.