मागच्या दिव्यांच्या वायरिंगसाठी ६४० पाउंड गेले, वायर मात्र जुनीच

इंग्लंडमध्ये कॉव्हेन्ट्रीत राहतो. माझ्याकडे १९७२ची एमजीबी रोडस्टर आहे, ॲबिंग्डनच्या कारखान्यातली उघड्या टपाची दोन सीटची जुनी गाडी. ब्रेक दाबला की टेललाइट मंद व्हायचे, इंडिकेटर दिला की ब्रेकलाइटही त्याच्यासोबत लुकलुकायचा. जाणकार म्हणतील, अर्थिंग गेलंय, म्हणजे दिव्यांची वायर गाडीच्या धातूला जिथे जोडतात तो सांधा, दुसरं काय! मलाही ते कळायला हवं होतं. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा आहे माझा. लाल वायर टेललाइटची, हिरवी-जांभळी ब्रेकची, हिरवी-लाल डाव्या इंडिकेटरची, हिरवी-पांढरी उजव्या, काळी अर्थिंगची, हे सगळं पाठ आहे. पण जानेवारीची थंडी, गुडघे दुखत होते, गॅरेज नाही. रस्त्यावर आडवा पडून काम करणं मला शक्य नव्हतं.

म्हणून जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात भेटलेल्या एकाला बोलावलं. या गाड्यांचं इलेक्ट्रिकल सामान लुकास कंपनीचं, आणि लुकासच्या वायरिंगला इथे सगळेच नावं ठेवतात, त्यामुळे "मागचा सगळा हार्नेस (वायरींचा जुडगा) बदलावा लागेल" हे ऐकून शंका आली नाही. हार्नेस १८५, नऊ तास मजुरी ४५०, बल्ब ५. एकूण ६४०. त्यातले ३०० आगाऊ, बँकेतून थेट त्याच्या खात्यात. हे कधीही करू नका. १०० पाउंडांपेक्षा महागडं काम असेल तर क्रेडिट कार्डच वापरा, निदान कार्ड कंपनीच्या मागे लागता येतं.

आता तो क्षण, जो मला अजून झोपू देत नाही. गाडी आणायला गेलो तेव्हा किल्ली हातातून पडली. उचलायला वाकलो तर गाडीखालची वायर समोरच दिसली. तिच्यावर आणि क्लिपांवर वाळका चिखल जसाच्या तसा. नवा हार्नेस इंजिनपासून गाडीच्या पोटाखालून डिकीत न्यायचा तर एकेक क्लिप उघडावी लागते, तो चिखल टिकेलच कसा? मी विचारलं. तो म्हणाला, "क्लिपा जुन्याच वापरल्या." आणि मी, सगळं डोळ्यांनी दिसत असताना, उरलेले ३४० रोख मोजून दिले! पावती मागितली, तर "उद्या पाठवतो".

त्यानंतर एकोणिसाव्या रात्री रिंग रोडवर मागचा ट्रक सारखे दिवे मारत होता. थांबून पाहिलं, मागे पूर्ण काळोख. एका निवृत्त इलेक्ट्रिशियननी डिकी उघडली. हार्नेस जुनाच. दोन्ही दिव्यांना मिळून एक बारीक काळी वायर, आणि तिचा स्क्रू थेट रंगावर ठोकलेला, म्हणजे धातूशी धड संपर्कच नाही. साइडलाइटच्या दोन फ्यूजपैकी एकाला चांदीचा कागद गुंडाळलेला. म्हणजे शॉर्ट झालं तरी फ्यूज उडणार नाही, आग लागली असती! त्यांनी रंग खरवडला, वायरी जोडणारे बुलेट कनेक्टर साफ केले, फ्यूज बदलला. ३८ पाउंड घेतले.

चाळीस वर्षांहून जुन्या, फारसा फेरफार न केलेल्या गाड्यांना २०१८पासून एमओटी, म्हणजे इथली गाडीची वार्षिक तपासणी, सक्तीची नाही. म्हणजे असलं काम तपासणीत पकडलं जाईल ही आशा सोडा. स्वतः एमओटी करून घ्या.

तक्रारीचं तर विचारूच नका. ग्राहकांच्या हेल्पलाइनवर ४७ मिनिटं संगीत ऐकलं, मग उत्तर मिळालं की हा कामाच्या दर्जाचा वाद आहे. अहो, दर्जा कसला, काम केलंच नाही त्याने! पोलिसांनी फोनवर एक क्रमांक दिला आणि सहा आठवड्यांनी पत्र, तपास होणार नाही. बँक म्हणते पैसे तुम्हीच स्वतःहून पाठवलेत. प्रत्येक जण दुसऱ्याचा नंबर देतो. फ्यूजला चांदीचा कागद गुंडाळून माणसाला रात्री रस्त्यावर सोडणं हा इथे कुणाच्याच अखत्यारीतला गुन्हा नाही का?

जुने सुटे भाग परत मागा, बदललेली वायर हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. काम चालू असताना फोटो मागा. मी यातलं एकही केलं नाही.

शेवटी ७० पाउंड फी भरून स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, दावा टाकलाय. तो कागद गुंडाळलेला फ्यूज प्लास्टिकच्या पिशवीत, तारीख लिहून, माझ्या टेबलावर आहे.