छपराला नऊ गुण, बारला चार

या हॉटेलात शिरणारा प्रत्येक जण आधी झुंबराखाली उभा राहून फोटो काढतो. झुंबर नवं आहे आणि ठीकच आहे. पण जुन्या इमारतीचं काम साधलं की फसलं, हे पाणी कुठून आत येतं आणि कुठून बाहेर जातं त्यावरून ठरतं. सिव्हिल लाइन्सच्या अंगाचं हे ब्रिटिशकालीन हॉटेल दोन वर्षं परांचीआड होतं. आता एक आख्खा पावसाळा त्याने अंगावर घेतला आहे, म्हणून परीक्षण आत्ता. मालकाचं आणि ठेकेदाराचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही. इथल्या चुका अर्ध्या नागपुरात होतात.

सगळ्यात सरस काम छपराचं. सागवानी वासे, त्यावर रिपा म्हणजे आडव्या लाकडी पट्ट्या, वर इंग्रजी म्हणजे मंगलोरी कवेलू. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये कवेलूंचा कारखाना काढला, तेव्हापासून घडण फारशी बदललेली नाही. तरीही दोन कारखान्यांचं कवेलू काही मिलिमीटरने वेगळं निघतंच, आणि बहुतेक दुरुस्त्या इथेच मार खातात. फुटलेल्या जुन्याच्या जागी नवं घुसवलं की खाचेत खाच बसत नाही. मग मृगाच्या पहिल्याच वाऱ्यापावसात पाणी उलटं चढून आत येतं. इथे सगळं छप्पर उतरवून, एकेक कवेलू बोटाने वाजवून निवडलं. खणखणीत ते ठेवलं, बद्द ते बाद. मग जुनी सगळी दर्शनी उतारावर आणि नवी सगळी मागच्या उतारावर लावली. पोटमाळ्यातून बघितलं तर दोन्ही उतारांवर रिपांमधलं अंतर वेगळं दिसतं. म्हणजे माप नकाशावरून नाही, हातातल्या कवेलूवरून घेतलं आहे. चौरस मीटरला साधारण १५ कवेलू लागतात, त्यामुळे रिपेत अर्ध्या सेंटिमीटरची चूक आढ्यापर्यंत पोचता पोचता चांगलीच वाढते.

एक गुण कापला तो पन्हळींसाठी. दिसायला देखण्या आहेत, पण उतार कमी आणि तोंडाला जाळी नाही. कडुनिंबाचा पाला दोन पावसांत तोंड बुजवतो आणि पाणी भिंतीवरून ओघळतं. ईशान्य कोपऱ्यातला हिरवा पट्टा त्याचाच. वानरं कवेलू सरकवतात त्याला इलाज नाही. पावसाळ्याआधी एकदा आणि गणपतीच्या सुमारास एकदा माणूस वर चढवावाच लागतो.

भिंतींचं काम निम्मं सोनं, निम्मं माती. विटांच्या या अठरा इंची भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. चुना ओल शोषतो आणि सोडतोही. मधल्या काळात कुणीतरी खालच्या चार फुटांवर सिमेंटचा गिलावा चढवला होता. सिमेंट ओल अडवतं, मग ती भिंतीत वर चढते आणि वाळताना क्षार मागे सोडते. त्यालाच आपण लोणा म्हणतो. व्हरांड्यात ठेकेदाराने नियम पाळला आहे: ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत सिमेंट काढलं, विटांचे सांधे १५ ते २० मिलिमीटर खोल खरवडले, भिंत भिजवली आणि १० ते १२ मिलिमीटरचे थर देत चुन्याचा गिलावा केला. प्रमाण एक भाग चुना, एक भाग सुरखी म्हणजे विटांची पूड, दोन भाग वाळू. सुरखी कमी भाजलेल्या विटांचीच हवी. भट्टीत करपलेल्या विटेची पूड चुन्याशी जुळत नाही, नुसती वाळूसारखी पडून राहते. तयार जलीय चुना, म्हणजे पाण्याने घट्ट होणारा, घेतला असता तरी चाललं असतं. त्याच्या पोत्यावरचा ३.५ हा आकडा २८ दिवसांनंतरची किमान दाबशक्ती सांगतो, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये. भाव मात्र दचकवतो. स्वस्तात मिळणारा करडा, उग्र वासाचा कार्बाइडचा चुना कुणी गळ्यात मारत असेल तर पोतं परत पाठवावं.

भोजनगृहात मात्र घाई झाली. रंगावरून बोट फिरवलं तर पावडर हाताला येते, आणि जमिनीपासून हातभर उंचीवर पापुद्रे सुटलेत. कारणं दोन. पहिलं, हा गिलावा एप्रिल-मेमध्ये झाला. ४५ अंशांच्या उन्हात चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होण्याआधीच सुकतो. ओली पोती बांधून तो आठवडाभर तरी ओलसर ठेवावा लागतो, नाहीतर काम दिवाळीनंतर काढावं. दुसरं, वर चुन्याच्या पातळ हातांऐवजी प्लास्टिकचा रंग फासला आहे. ओळखायची युक्ती सोपी आहे: बोट पाण्यात बुडवून एक थेंब भिंतीवर लावा. व्हरांड्यात थेंब क्षणात मुरतो. भोजनगृहात तो मोत्यासारखा बसून राहतो आणि मग खाली घरंगळतो.

पायऱ्या कामठीकडच्या वालुकाश्माच्या. झिरो माइलचा खांबही वालुकाश्माचाच आहे. हा दगड मऊ, त्यावर वाळूचा फवारा मारला की वरची कातडी जाते आणि पुढे पाणी पीत राहतो. इथे नायलॉनचा ब्रश आणि साधं पाणी वापरलं आहे. शाबास.

फरशीला पूर्ण गुण. नक्षीदार सिमेंट टाइल्समध्ये रंगाचा थर जेमतेम काही मिलिमीटर असतो, म्हणून पॉलिशचं मशीन फिरवलं की नक्षी गेलीच, आणि ॲसिडने धुतलं तर रंग फिका पडतो. इथे दोन्ही टाळलंय. फुटलेल्यांच्या जागी मागच्या खोल्यांतल्या, पलंगाखालच्या जुन्या टाइल्स काढून पुढे आणल्या आणि नव्या तिकडे लपवल्या. नव्या जुन्यांशी अगदी मिळत्या कधीच होत नाहीत, मग १९२२ पासून या धंद्यात असलेल्या भारत टाइल्सकडून मागवा की आणखी कुठून. जुना थर पायांखाली झिजून जो होतो, तो कारखान्यात होत नाही.

आता बार. लाकूड फार सुंदर आहे, अस्सल सीपी म्हणजे जुन्या मध्य प्रांतातलं सागवान, आणि त्यावर चपडीचं, म्हणजे लाखेचं फ्रेंच पॉलिश. चपडी स्पिरिटमध्ये विरघळवूनच पॉलिश करतात. मग ज्या काउंटरवर रोज दारू सांडणार, तिथे ती लावायची हे कुणाच्या डोक्यातून निघालं? तीन महिन्यांत कडेला चिकट, धुरकट पट्टा उमटला आहे. गरम भांड्याचंही तेच. नाश्त्याला तर्री-पोहे चांगले असतात, पण तर्रीची वाटी सरळ टेबलावर ठेवली की खाली पांढरं वलय उरतं. दारं, पलंग, आरसे यांना चपडी राहू द्यावी. काउंटरला आणि टेबलांना कडक पीयू (पॉलियुरेथेन) किंवा तेलाचं फिनिश द्यावं. दारांवरचा जुना रंग कॉस्टिक सोड्याने न काढता गरम हवेने आणि पत्रीने काढलाय, म्हणून सागाचे रेषे अजून सोनेरी दिसतात.

वायरिंग भिंत न फोडता वरून पाइपातून नेलंय आणि ३० मिलिॲम्पिअरचे आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारे स्विच, बसवलेत. बाकी बोलण्यासारखं नाही.

थंडाव्याचं गणित थोडं चुकलं आहे. सोळा फुटी छत आणि वरचे झरोके हे बांधणाऱ्याने उन्हाळ्यासाठीच ठेवले होते. कूलरची ओली हवा खिडकीतून आत यावी आणि झरोक्यातून बाहेर पडावी, तरच त्याचा उपयोग. इथे एसीसाठी सगळे झरोके सीलबंद केले. तळमजल्याच्या तीन खोल्यांत एसीच्या पाण्याची नळी बाहेर काढून जोत्यावरच सोडली आहे. दिवसभर तेच पाणी त्याच जागी मुरतं, आणि नंतर लोणा फुटला की दोष चुन्याला मिळतो. खोली घेताना वरच्या मजल्यावरची, पूर्वेकडची मागावी.

सर्वात गंभीर तक्रार हिरवळीबद्दल आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि तिच्यावर बसलेली भिंत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी चिरते. अशा जागी जोत्याभोवती बाहेर उतरती फरसबंदी हवी. इथे लॉन थेट जोत्याला भिडवलंय, वर फवारे.

तरी कुणीतरी जाणता माणूस या कामावर होता याची खूण जिन्याच्या खिडकीखाली आहे. जुन्या चिरेवर काचेची एक पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवली आहे आणि तिच्यावर जूनमधली तारीख पेन्सिलने लिहिली आहे. चीर हलली तर काच तडकते. नोव्हेंबरात ती अखंड आहे. तिथे चित्र टांगायचा बेत असेल, तर निदान पुढचा मे महिना जाऊ द्यावा. माती आक्रसते ती तेव्हाच.